रोनाल्डो येणार नाही, तरी जायचं का?

आमच्या ट्रिपची गूगल शीट अजून माझ्याकडे आहे. फाइलचं नाव ‘दिवाळी_ट्रिप_फायनल_३’. रकाने सात: शहर, तारीख, काय बघायचं, किलोमीटर, खर्च, मुक्काम आणि कन्फर्म. शेवटचा रकाना मी घातला होता. मी सॉफ्टवेअरमधला माणूस. जे कन्फर्म नाही त्यावर पुढचं काही उभं करायचं नाही, ही सवय सहा वर्षांत हाडात मुरलीय. हा लेख त्या सातव्या रकान्याविरुद्ध आहे, म्हणजे थोडाफार माझ्याचविरुद्ध.

बेत साधा होता. फुटबॉलची एक मोठी मॅच आणि वाटेत बसतील तेवढे लाइव्ह संगीताचे कार्यक्रम, चार मित्र, एक गाडी. तारीख मात्र आम्ही निवडली नव्हती, ती आमच्या भागाने निवडली. मी वाढलो सोलापुरात, अक्कलकोट रोड एमआयडीसीला लागून. बाबा टॉवेलच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे माग बिघडला की ज्याला हाक मारतात तो माणूस. मागांची आठवड्याची सुट्टी असते, पण सलग चार-पाच दिवस खडखडाट थांबतो तो दिवाळीतच. पहिल्या रात्री तर आम्हाला त्या शांततेमुळे झोप लागत नाही. चौघांपैकी दोघे आयटीतले, एकाच्या वडिलांचं टॉवेल पॅकिंगचं छोटं युनिट, आणि चौथा स्वतः मागावर. त्याची मजुरी नगावर, त्यामुळे सुट्टी टाकली की पैसे गेले. चौघांची सुट्टी एकत्र पडते ती फक्त दिवाळीत.

आणि २०२५ च्या दिवाळीत चक्क योग जुळून आला होता. एफसी गोवाने त्या वर्षी सुपर कप जिंकला, मग ऑगस्टमध्ये फातोर्ड्याला ओमानच्या अल सीबला हरवून आशियातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या क्लब स्पर्धेत जागा मिळवली. गटात कोण आलं? सौदीचा अल नस्र. म्हणजे रोनाल्डो. सामना फातोर्ड्यात, २२ ऑक्टोबरला. कॅलेंडर काढलं, तर त्या दिवशी दिवाळी पाडवा. आणि पाडव्याच्या पहाटे महाराष्ट्रात दर दोन चौक सोडून ‘दिवाळी पहाट’ असतेच. लक्ष्मीपूजन घरी करायचं, मध्यरात्री निघायचं, पहाटे मिरज-सांगलीत गाणं ऐकायचं, सकाळी कोल्हापूर, संध्याकाळी मडगाव. भाऊबीजेला परत. बहिणीला मी शीटची लिंक पाठवली. तिने उत्तर दिलं, ‘कन्फर्मच्या रकान्यात माझं ओवाळणं पण लिही.’

सगळ्या रांगांपुढे हिरवी खूण पडली. मग सप्टेंबर संपता संपता सीनेला पूर आला. ज्यांना सोलापूर म्हणजे दुष्काळ एवढंच माहीत आहे त्यांना ते दृश्य पटणार नाही, पण माढा, मोहोळ, उत्तर सोलापूरच्या गावांत पाणी घरांत शिरलं, उभी पिकं गेली. चौथ्याचे मामा सीनेकाठचे. तो सुट्टीचे चारही दिवस तिकडे जाणार म्हणाला. गोठा उभा करायचा होता. आम्ही म्हटलं, दोन दिवस तरी काढ की. तो म्हणाला, “तुम्ही जावा बे. माझं तिकीट कुणाला तरी देऊन टाका.”

दिलं नाही. सामन्याच्या दोन-तीन दिवस आधी बातमी आली की रोनाल्डो संघासोबत भारतात येत नाहीये. त्या रात्री आमच्या ग्रुपवर जो वाद झाला तो मला या सगळ्या प्रवासातला सर्वांत महत्त्वाचा मजकूर वाटतो. पॅकिंगवाला म्हणाला, आता तिकिटं विकून टाकू, मिळतील तेवढे पैसे घेऊ. दुसरा म्हणाला, हॉटेलचे पैसे परत मिळत नाहीत म्हणून जाऊ. मी काय म्हणालो? मी शीट उघडली आणि ‘काय बघायचं’च्या रकान्यात पाहिलं. तिथे ‘एफसी गोवा वि. अल नस्र’ असं लिहिलंच नव्हतं. ‘रोनाल्डो’ एवढंच लिहिलं होतं, आणि ते मीच लिहिलं होतं.

सामना रद्द झाला नव्हता. मैदान तेच, वेळ तीच, बावीस माणसं खेळणार होती. समोरच्या संघाच्या यादीत जोआव फेलिक्स, सादिओ माने यांच्यासारखी नावं होती. तरी आमच्या लेखी सगळंच रद्द झालं होतं. म्हणजे आम्ही फुटबॉल बघायला निघालोच नव्हतो. एक गोष्ट आधीपासून माहीत होती, ती तशीच आहे ना हे डोळ्यांनी तपासायला निघालो होतो. रोनाल्डो दिसतो कसा, धावतो कसा, गोल केल्यावर उडी कशी मारतो, हे आम्हाला पाठ आहे. पाठ असलेलं प्रत्यक्षात बघायला आठशे-नऊशे किलोमीटर.

दोन महिन्यांनी याच वृत्तीचा मोठा प्रयोग देशाने पाहिला. डिसेंबरमध्ये मेस्सी भारतात आला. कोलकाता, हैदराबाद, मुंबई, दिल्ली. ही खरी मल्टी-सिटी ट्रिप, फक्त खेळाडूची. कोलकात्यात लोकांनी महागडी तिकिटं काढली, तो थोडा वेळ मैदानावर दिसला, भोवती पुढारी आणि फोटोवाल्यांचं कडं, आणि लवकर निघून गेला. लोकांनी खुर्च्या फेकल्या. सगळ्यांनी आयोजनाला शिव्या घातल्या, त्या योग्यच होत्या. पण मला आणखी एक प्रश्न पडला: तो नीट दिसला असता, हात हलवला असता, तर काय झालं असतं? तिथे सामना असा नव्हताच. फुटबॉलमधून फुटबॉल वजा केल्यावर उरलेली खात्री विकायला ठेवली होती, आणि लोकांचा राग खात्री मिळाली नाही याचा होता. माझा राग जातीने तोच होता, फक्त तिकीट स्वस्तातलं.

असो. आम्ही निघालो. तिघे. मागच्या सीटवर चौथ्याच्या जागी आईने दिलेला फराळाचा डबा.

सोलापूरहून मंगळवेढा, सांगोला, नागज, कवठे महांकाळ, मिरज. हा रस्ता आता सुरेख झालाय, आणि रात्री त्यावर बघण्यासारखं काही नाही असं सगळे म्हणतात. खरं तर या रस्त्याच्या सुरुवातीलाच आमच्या ‘लाइव्ह संगीता’चा कच्चा माल उगवतो. तंबोऱ्याचा आणि सतारीचा भोपळा लागतो तो आमच्या जिल्ह्यातला, पंढरपूर-मंगळवेढा भागातला, भीमेच्या अंगाचा. कडू भोपळा, भाजीला निरुपयोगी. तो वाळवून मिरजेला जातो. तिथे पिढ्यान्‌पिढ्या वाद्यं घडवणारी घराणी आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. लढाया संपल्या, मग हात वाद्यांकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय मानांकन मिळालं. आमच्या सोलापुरी चादरीला आणि टॉवेललाही ते आहे. म्हणजे हा रस्ता एका मानांकनाकडून दुसऱ्याकडे जाणारा. शीटमध्ये ही माहिती नव्हती, कारण भोपळ्याला तारीख आणि तिकीट नसतं.

मिरजेला अब्दुल करीम खाँसाहेब राहिले, आणि तिथल्या मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. किराणा घराण्याची गायकी ज्यांच्यामुळे इकडे रुजली ते हे. त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी. दर वर्षी उरुसाला दर्ग्यात त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं. खाँसाहेब १९३७ मध्ये प्रवासातच गेले. दक्षिणेत, पाँडिचेरीला जाताना, वाटेतल्या एका स्टेशनावर उतरून. भीमसेनांचंही आयुष्य रस्त्यावरच. लहानपणी घरातून पळाले ते गुरू शोधत रेल्वेने हिंडले. पुढे स्वतः गाडी चालवत मैफलींना जायचे, गाडीच्या इंजिनाची त्यांना चांगली जाण होती. आणि तरुणपणी ते फुटबॉल खेळायचे. हे वाचलं तेव्हा मी अक्षरशः मोबाइल खाली ठेवला. गाडी, फुटबॉल, गाणं: आमच्या शीटचे तिन्ही विषय एका माणसात. फरक एवढाच की ते गायला जायचे आणि आम्ही बघायला.

हा फरक मला लहान वाटत नाही. संगीत नाटकांच्या कंपन्या गावोगाव मुक्काम ठोकायच्या. कलाकार फिरायचे, ऐकणारे आपापल्या गावात असायचे. कापड गिरणीची पाळी सुटली की रात्री नाटकाला जाता येत असे. आता उलटं झालंय. कार्यक्रम चार-पाच मोठ्या शहरांत बसून राहतात आणि ऐकणाऱ्याने फिरायचं. ज्याच्याकडे रजा आहे, गाडी आहे, कार्ड आहे, तो फिरतो. नगावर मजुरी घेणाऱ्याला आपण ‘चल की, दोन दिवस काढ’ म्हणतो. म्हणायला सोपं जातं, कारण माझी रजा अॅपवर एका क्लिकने मंजूर होते.

आता दिवाळी पहाट. मिरज-सांगली भागात आम्ही जिथे ऐकली तिथलं नाव सांगत नाही. ते महत्त्वाचंही नाही, कारण ती कुठेही तशीच असते. साडेपाचची वेळ, सहाला सुरुवात. पुढच्या चार रांगा पासवाल्यांच्या, त्यांतली निम्मी माणसं साडेसहाला आली. स्टेजमागे प्रायोजकाचा बॅनर गायकांपेक्षा मोठा. निवेदक अतिशय सफाईदार. दर गाण्याआधी तीच तीन विशेषणं, तीच ‘सुवर्णकाळ’ची आठवण, त्याच गीतकाराचा तोच किस्सा. गाणी कोणती हे मी आदल्या रात्रीच गाडीत सांगितलं होतं. बारापैकी नऊ बरोबर आली. पॅकिंगवाल्याने पैज हरल्याबद्दल चहा पाजला.

मी गाण्यातला जाणकार नाही. माझं सगळं ऐकणं यूट्यूबवरचं. तरी एक गोष्ट माझ्याही लक्षात आली. स्टेजवर दोन सुंदर तंबोरे होते, मिरजेचेच असणार. मागे बसलेल्या दोन मुली ते छेडत होत्या. पण आवाज येत होता तो इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्याचा, थेट साउंड सिस्टीमला जोडलेला. तंबोऱ्यांपुढे माइकच नव्हते. ज्या गावाने देशाला तंबोरे दिले त्या गावच्या अंगाला खरा तंबोरा शोभेपुरता. कारणही मी सांगू शकतो. लाकूड आणि भोपळा हवेनुसार उतरतात, सारखं जुळवत बसावं लागतं. डबा उतरत नाही. डबा कन्फर्म असतो. मी आयोजकांच्या जागी असतो तर मीही डबाच लावला असता, म्हणून मला हसू आलं नाही.

पण त्या पहाटे एक गोष्ट घडली. कार्यक्रमाच्या सुरुवातीला एका मुलीला सात-आठ मिनिटं दिली होती, ‘शास्त्रीय सुरुवात’ म्हणून. चोवीस-पंचवीसची असेल. तिने ललत घेतला. त्यात शुद्ध आणि तीव्र असे दोन मध्यम लागोपाठ येतात, दोन पायऱ्यांमध्ये केसाएवढं अंतर असावं तसे. ती सावकाश वर चढत गेली, आणि त्या दोन मध्यमांच्या जागी तिचा स्वर घसरला. फार नाही, पण घसरला. तबलजीने मान वर केली. पुढच्या रांगेत कुणाला पत्ता नव्हता. ती थांबली नाही. पुन्हा खाली आली, तोच रस्ता धरला, पुन्हा तिथे पोचली, आणि या वेळी दोन्ही मध्यम असे काही लागले की माझ्या शेजारी बसलेले एक आजोबा मोठ्याने “अहाहा” म्हणाले. चार जणांनी वळून त्यांच्याकडे रागाने पाहिलं, कारण रेकॉर्डिंग चालू होतं.

मग निवेदक आला. ‘आता वळू या आपल्या सगळ्यांच्या लाडक्या गाण्यांकडे.’ मुलगी मागे जाऊन बसली. पुढचे दोन तास कुणाचाही स्वर घसरला नाही, कारण सगळं पाठ होतं. तयारी उत्तम. पण माझ्या मते त्या सभागृहात लाइव्ह म्हणावं असं जे काही झालं ते त्या सात-आठ मिनिटांत. ‘लाइव्ह’ हा शब्द आपण ‘समोरासमोर’ या अर्थाने वापरतो. तेवढा अर्थ पुरत नाही. समोर पुतळाही असतो. समोरच्याचं चुकू शकतं, आणि चुकल्यावर तो काय करतो ते आपल्यादेखत ठरतं, तेव्हा ते लाइव्ह. उरलेलं जिवंत माणसांनी वाजवलेलं रेकॉर्ड.

इथे माझ्या या व्याख्येला मीच एक टाचणी लावतो. शीटची पहिली आवृत्ती वेगळी होती, सोलापूर-पुणे-मुंबई-गोवा. पुण्याच्या रस्त्यावर मोडनिंब लागतं. तिथे कलाकेंद्रं आहेत, संगीत बारी चालते. पेटी, तबला, ढोलकी, गाणारणी, नाचणारणी, समोरच्याची फर्माईश, दौलतजादा. पुढचं गाणं कुठलं हे आत बसलेल्यालाही माहीत नसतं. माझ्या व्याख्येत याहून लाइव्ह काय असणार? भूषण कोरगावकरांचं ‘संगीत बारी’ वाचलं तेव्हा कळलं की तिथे किती बारकाईचं, पिढ्यांनी जपलेलं गाणं आहे. आम्ही पुण्याला शंभर वेळा गेलो, मोडनिंबला चहासाठी थांबलो. ‘लाइव्ह संगीत’ म्हणून ते नाव शीटवर टाकायचं कुणाच्या डोक्यातही आलं नाही. आलं असतं तर आईला लिंक पाठवता आली नसती. आणि चार पोरं तिथे नेमकं काय ऐकायला गेली असती, हाही प्रश्न आहेच. त्याचं सरळ उत्तर माझ्याकडे नाही. आम्ही कलेची निवड करतो असं समजत होतो. ती निवड घराने, जातीने, ‘चांगल्या घरातली मुलं’ या शब्दांनी आधीच करून ठेवली होती. आमच्या हातात फक्त किलोमीटर मोजायचं काम होतं.

कोल्हापूर शीटमध्ये ‘स्टॉप: नाश्ता, स्टेडियमसमोर फोटो’ एवढंच. पाडव्याच्या दिवशी शाहू स्टेडियमला कुलूप. कोल्हापूरचा फुटबॉल हा महाराष्ट्रातला मोठा चमत्कार आहे आणि बाकीच्या महाराष्ट्राला त्याचं काही पडलेलं नाही. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल: या तालमी. नावं कुस्तीची, पोरं फुटबॉलची. पेठेची इभ्रत त्या नव्वद मिनिटांत लागलेली असते, इतकी की प्रसंगी मारामाऱ्याही होतात. इथूनच अनिकेत जाधव २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळला. ज्या शाहू महाराजांचं नाव स्टेडियमला, त्यांनीच अल्लादिया खाँसाहेबांना दरबारात आश्रय दिला होता. त्यांनीच बांधवलेलं पॅलेस थिएटर, म्हणजे नंतरचं केशवराव भोसले नाट्यगृह, ऑगस्ट २०२४ मध्ये आगीत जळालं. त्याला खेटून खासबागचं कुस्तीमैदान. गाणं आणि मैदान एकाच आवारात असण्याची कल्पना या गावाला शंभर वर्षांपूर्वीच सुचली होती. आम्ही तिला ‘थीम’ म्हणत होतो.

फोटो काढून निघालो आणि अडकलो. समोरून म्हशी. पाडव्याला कोल्हापुरात म्हशी सजवून रस्त्यावर आणतात हे ऐकून होतो, पण शीटमध्ये नव्हतं. शिंगांना रंग, अंगावर नक्षी, गळ्यात घुंगरांच्या माळा. पुढे मालक मोटरसायकलवर, सायलेन्सरचा फाडफाड आवाज काढत, आणि मागून म्हैस त्याच आवाजाच्या मागे धावत सुटलेली. बाजूला हलगी आणि घुमकं. लोक दोन्ही बाजूंना दाटलेले. एक म्हैस मध्येच थांबली. मालक पुढे गेला, वळून आला, पुन्हा फाडफाड. ती ढिम्म. गर्दीतल्या हसण्याची एक लाट आली. मालकाने गाडी बंद केली, उतरला, तिच्या कानापाशी काहीतरी बोलला. आणि ती निघाली. जो गलका झाला तसा मी सकाळच्या सभागृहात एकदाही ऐकला नव्हता. आमची चाळीस मिनिटं गेली. गाडी चालवणारा शिव्या घालत होता आणि व्हिडिओही काढत होता.

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा. हा भाग पटकन सांगतो, कारण मी झोपलो होतो.

फातोर्डा. गोव्यात फुटबॉल १८८३ मध्ये एका पाद्र्यामुळे शिवोलीत आला असं सांगतात. तेव्हापासून तो तिथे गावच्या देवळा-चर्चइतका घरचा. स्टेडियमबाहेर रोनाल्डोचा सात नंबर घातलेली पुष्कळ पोरं होती, चेहरे पडलेले. पण त्यांच्यात केशरी जर्सीतली गोवेकर माणसंही होती, बायका, म्हातारे, कडेवर पोरं. त्यांच्या बोलण्यात रोनाल्डो जवळपास नव्हताच. आपल्या क्लबचं काय होणार, ही त्यांची काळजी. त्या काळजीला कारण होतं. इंडियन सुपर लीगचा पुढचा हंगाम जुलैमध्येच थांबवून ठेवला होता, लीग चालवायच्या हक्कांचा करार डिसेंबरात संपणार आणि पुढचं ठरलेलं नाही म्हणून. देशातल्या सगळ्यात मोठ्या लीगच्या ‘कन्फर्म’च्या रकान्यात काहीच नव्हतं. खेळाडू, माळी, फिजिओ, तिकीटविक्रेते, सगळ्यांची मजुरी नगावर असल्यासारखी. आणि तरी संघ खेळायला उतरला होता.

अर्ध्या तासात ०-२. माझ्या शेजारच्या मित्राने मोबाइल काढला. एवढ्या पैशांच्या संघापुढे हे होणारच होतं, शीटमध्ये लिहिण्याइतकं कन्फर्म. मग मध्यंतराच्या थोडं आधी ब्रायसन फर्नांडिसने गोल केला. गोव्याचाच पोरगा. चेंडू जाळ्यात गेला तेव्हा मी नेमका कुठे बघत होतो ते मला आठवत नाही. आठवतं ते एवढंच की पुढच्या रांगेतली एक बाई, साठीची, मागे वळली आणि तिने माझे दोन्ही खांदे धरून मला हलवलं. कोकणीत काहीतरी म्हणाली. मला ‘पळय’ एवढाच शब्द कळला, बघ.

पुढची पंचेचाळीस मिनिटं काहीही होऊ शकलं असतं. झालं नाही. २-१, अल नस्र. पण ‘होऊ शकलं असतं’ हे त्या स्टेडियमने अख्खा उत्तरार्ध छातीशी धरून ठेवलं होतं. रोनाल्डो असता तर? मला वाटतं, मी त्याच्याकडे बघत राहिलो असतो, आणि ब्रायसनचा गोल रात्री हॉटेलात रीलवर बघितला असता.

हरलेल्या सामन्यात उगाच उदात्त काही शोधतोय, असं कुणी म्हणेल. पॅकिंगवाला म्हणालाच. त्याच्या मते तो साधा पराभव होता, तिकीट महाग होतं, आणि म्हशी फुकट होत्या. हे मूल्यमापन मला अजून खोडता आलेलं नाही.

रात्री चौथ्याला गोलचा व्हिडिओ पाठवला. सतरा सेकंदांचा, हललेला, निम्म्यात त्या बाईची पाठ. त्याचा व्हॉइस मेसेज पहाटे आला, मागे गाईचा आवाज. “गोल दिसला नाही बे नीट. पण ते आधीचं पाठव की, गोलच्या आधीचं. कसं आलं तिथपर्यंत?” ते आमच्याकडे नव्हतं. तिघांच्याही फोनमध्ये नव्हतं, कारण गोल होणार हे माहीत नव्हतं. मग मी गाडीत बसल्या बसल्या त्याला फोन लावला आणि सांगत गेलो: आधी ०-२ झालं तेव्हा कोण कसं बसलं होतं, गोंगाट कसा खाली गेला, ती मुलगी पहाटे कशी चुकली आणि परत कशी तिथे चढली, म्हैस का थांबली. सावंतवाडीपासून आंबोलीचा घाट चढेपर्यंत. मध्ये दोनदा रेंज गेली. प्रत्येक वेळी त्यानेच परत लावला.

भाऊबीजेला घरी पोचायला रात्रीचे साडेनऊ झाले. बहीण ताट घेऊन बसलेली, निरांजन दोनदा विझलेलं. ओवाळताना विचारलं, “कोण जिंकलं रे?” म्हटलं, सौदीवाले. “आणि तो रोनाल्डो?” आलाच नाही. तिने माझ्या कपाळाला कुंकू जरा जास्तच जोरात लावलं. माग अजून बंद होते.